मनगटावरचे यंत्र आणि थांबण्याचा अधिकार

(कोहमारा, जि. गोंदिया येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने घड्याळे आणि मोबाईल यांविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. हा विषय मी निवडलेला नाही. या अभ्यासवर्गाची जुळवाजुळव करणाऱ्या एका तरुण साथीने मला विचारले, "सर, हातातले घड्याळ आता नाडी मोजते, मोबाईल विजेची सूचना देतो, शहरात बसगाडीच्या ड्रायव्हरला डुलकी लागली तर यंत्र त्याला जागे करते. यात गरिबाच्या वाट्याला काय येणार?" प्रश्न सरळ होता. मला मात्र त्याचे सरळ उत्तर तेव्हा देता आले नाही. ते शोधण्याचा प्रयत्न आज आपणा सर्वांसमवेत करावा, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

आपण जेथे बसलो आहोत त्या जागेपासूनच आरंभ करू. कोहमारा हा चौरस्ता आहे. पूर्वी सहा क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा आणि आता त्रेपन्न क्रमांक लाभलेला महामार्ग येथून नागपूरकडून रायपूरकडे जातो, आणि त्याला छेदणारा रस्ता एका बाजूस गोंदियाला व दुसऱ्या बाजूस नवेगावबांधकडे नेतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प या रस्त्यांच्या दोन्ही अंगांना पसरलेला आहे. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून आणलेल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. त्यांच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेले पट्टे होते. वाघीण कोठे आहे, कोणत्या दिशेने निघाली आहे, हे त्या पट्ट्यामुळे वनखात्याला कळत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एक वाघ मोटारीच्या धडकेने मरण पावला. म्हणजे पट्टा आला, पण भरधाव मोटार काही थांबली नाही.

वाघाच्या गळ्यातील पट्ट्याविरुद्ध माझी मुळीच तक्रार नाही. पण त्याच जंगलात मे महिन्यात पहाटे तेंदूपाने तोडायला जाणारी बाई असते. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपाने तोडणाऱ्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी मृत्युमुखी पडल्या. वाघ कोठे आहे हे मोजण्याची विद्या आज आपल्याजवळ आहे. ती माहिती त्या बाईपर्यंत पोचत नाही. आणि पोचली तरी त्या दिवशी तिने जंगलात न जाण्याची किंमत कोण मोजणार, याची कोणतीच व्यवस्था नाही. माझे सारे म्हणणे या दोन वाक्यांत आहे. पुढे जे सांगणार आहे तो त्याचाच विस्तार समजावा.

प्रथम या यंत्रांचे स्वरूप समजून घेऊ, कारण न समजता केलेला विरोध आणि न समजता केलेली आरती या दोन्ही गोष्टी आपल्या चळवळीला शोभणाऱ्या नाहीत. संवेदक, ज्याला आता सर्वत्र सेन्सर म्हणतात, तो निसर्गातील एखादा बदल टिपून त्याचा आकडा करतो. मोबाईलमध्ये हालचाल ओळखणारा संवेदक असतो. त्यावरून आपण चाललो, धावलो की पडलो याचा अंदाज बांधला जातो. मनगटावरच्या घड्याळाच्या पाठीमागून हिरवा प्रकाश कातडीवर पडतो, नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी रक्ताचे प्रमाण बदलते, परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो, आणि त्यावरून ठोके मोजले जातात. बोटाला चिमट्यासारखे लावायचे ऑक्सिमीटर करोनाच्या साथीत घराघरांत पोचले. त्यामागचे तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ च्या सुमारास मांडले. त्याच साथीत आशाताई हे यंत्र घेऊन दारोदार फिरल्या, आणि ज्यांना धाप लागली नव्हती पण रक्तातील प्राणवायू उतरला होता अशी माणसे वेळेवर ओळखली गेली. हा लाभ खरा आहे. तो नाकारणे म्हणजे सत्याशी प्रतारणा होईल.

पण यंत्र निरपेक्ष असते हेही खरे नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात तेथील रुग्णालयांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राणवायू धोकादायक पातळीपर्यंत उतरला असतानाही ऑक्सिमीटरने तो ठीक दाखविला, असे प्रसंग गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट आढळले. यंत्राच्या मनात वर्णद्वेष नव्हता. यंत्र तयार करताना कोणाची बोटे पाहिली गेली, हा प्रश्न होता. उन्हात राबून काळवंडलेल्या आपल्या माणसांच्या बोटांवर ही यंत्रे नीट तपासली गेली आहेत काय, हे विचारणे हा विज्ञानाला विरोध नाही. उलट ती विज्ञानाचीच मागणी आहे.

आता आपल्या धानपट्ट्यातील सर्वांत परिचित संकटाकडे येऊ. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने देशभर ऐंशीहून अधिक ठिकाणी विजेचा वेध घेणारे संवेदक बसविले आणि 'दामिनी' हे मोबाईल ॲप तयार केले. वीज चमकली की तिच्यातून निघणाऱ्या लहरी अनेक केंद्रांवर थोड्या थोड्या अंतराने पोचतात. त्या फरकावरून वीज कोठे पडली हे ठरते, आणि आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरच्या टापूतील लोकांना सावध करता येते. सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक संस्थेने, विनामूल्य दिलेली ही सेवा आहे. अशा कामाचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात २,८८७ माणसे वीज पडून मेली. त्यांत शेतात राबणारी माणसे किती असतील, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आता रोवणीच्या दिवसांतली एखादी बांधी डोळ्यांसमोर आणा. वीस बाया ओळीने वाकून पऱ्हे रोवीत आहेत. पाय घोट्यापर्यंत चिखलात आहेत. मोबाईल असलाच तर तो धुऱ्यावर, पिशवीत, पावसापासून जपून ठेवलेला आहे. अनेकदा तो घरातल्या पुरुषाच्या खिशात असतो. रोवणी गुत्त्याने घेतलेली आहे, म्हणजे जितके क्षेत्र होईल तितके पैसे. अशा वेळी दामिनीने सूचना दिली तरी ती ऐकणार कोण? आणि ऐकली तरी टोळीने काम सोडून जायचे कोठे? जवळ असते ते झाड, आणि वीज चमकत असता झाडाखाली उभे राहणे म्हणजे मृत्यूला जवळ बोलावणे. गावातली पक्की इमारत मैलभर दूर. जाऊन यायला तास जातो, आणि त्या तासाचे पैसे टोळीच्याच पदरातून जातात.

माझ्या पेशाला धरून एक साधा हिशेब मांडतो. समजा, दिवसाची मजुरी तीनशे रुपये आणि कामाचे तास आठ आहेत. वीस बाया एक तास आडोशाला थांबल्या तर साडेसातशे रुपयांची मजुरी बुडते. वीज पडून मृत्यू झाल्यास वारसांना शासनाकडून चार लाख रुपये मिळतात. ही मदत योग्यच आहे, ती देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. पण एका मृत्यूपोटी दिल्या जाणाऱ्या या रकमेत अशी टोळी पाचशेहून अधिक वेळा तासभर सुरक्षित थांबू शकली असती. बाई मेल्यावर पैसे देणारा नियम आपल्याकडे आहे. तिला जिवंत ठेवण्यासाठी तिच्या एका तासाची मजुरी भरून देणारा नियम नाही. ही उणीव कोणत्याही ॲपने भरून निघणारी नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्या भागातला रोवणी करून घेणारा शेतकरी बहुधा दोन-तीन एकरांचा धनी असतो. तोही कर्जात असतो. त्या तासाचा भार त्याच्यावर टाका, असे म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. हा भार समाजाने उचलायचा आहे, कारण वीज ही कोणा एका शेतकऱ्याची चूक नाही. आपत्तीनंतरच्या मदतीसाठी जसा निधी आहे तसाच आपत्ती टाळण्यासाठी काम थांबले तर त्या वेळेच्या भरपाईचा निधी असावा, आणि शेतशिवारांत विजेपासून संरक्षण देणारे पक्के निवारे उभारले जावेत. संवेदक, निवारा आणि भरपाई या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच त्याला सुरक्षितता म्हणता येईल. पहिलीच गोष्ट देऊन शासन मोकळे झाले, तर उद्या मरणाऱ्या बाईलाच दोष दिला जाईल की सूचना आली असताना ती शेतात का थांबली.

मनगटावरच्या यंत्राची दुसरी कथा नागपूरची आहे. तेथील महानगरपालिकेने हजारो सफाई कामगारांच्या हातांत ठावठिकाणा सांगणारी घड्याळे बांधली. २०२० च्या आगेमागे नागपूर, चंदीगड, पंचकुला अशा अनेक शहरांत ही पद्धत आली आणि तिच्याविरुद्ध कामगार संघटनांनी आवाज उठविला. कामगार ठरवून दिलेल्या पट्ट्यात आहे की नाही, किती वेळ आहे, हे कार्यालयात बसून पाहता यावे आणि त्यावर हजेरी व पगार ठरावा, हा हेतू होता. चंदीगडच्या स्त्री कामगारांनी सांगितले की, स्वच्छतागृहात जातानाही हातावर ते यंत्र असते आणि आपल्याला कोणी पाहत-ऐकत तर नाही ना, या भयाने जीव गुदमरतो.

माझ्या मुलाने गेल्या वर्षी असेच एक घड्याळ माझ्या मनगटावर बांधले. ते माझी नाडी मोजते, मी किती चाललो ते सांगते, आणि नको वाटले की मी ते काढून टेबलावर ठेवतो. माझे आकडे मी वाचतो. सफाई कामगाराचे घड्याळ त्याच्या मनगटावर असते, पण त्याचे आकडे साहेब वाचतो, आणि ते काढून ठेवले तर पगार कापला जाण्याची धास्ती असते. त्या घड्याळाने कामगाराच्या फुप्फुसात किती धूळ गेली हे मोजले नाही. मे महिन्याच्या दुपारी त्याचे अंग किती तापले हेही मोजले नाही. त्याने मोजले ते एवढेच की तो जागेवर आहे की नाही. तंत्र जवळजवळ एकच. एका मनगटावर ते आरोग्याचे साधन झाले, दुसऱ्यावर पाळतीचे.

हा भेद आजचा नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी ज्या मागण्या केल्या, त्यांत रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच असावे, या मागण्या होत्या. कामावर इजा झाल्यास भरपाईचीही मागणी होती. घड्याळ तेव्हा मालकाच्या हाती होते, आणि कामगारांनी त्याच घड्याळावर आपल्या हक्काची रेषा ओढण्याचा प्रयत्न केला. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली, ती संघटनेच्या बळावर. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर याने कामगाराच्या प्रत्येक हालचालीला सेकंदकाटा लावण्याचे शास्त्र रचले. १९११ मध्ये वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारातील कामगारांनी त्याविरुद्ध संप केला, आणि पुढे तेथील संसदेने लष्करी कारखान्यांत अशा मोजणीला पैसा देण्यास मनाई केली.

त्याहून बोलका दाखला खाणीतला आहे. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही याने खाणीत वायूचा भडका न होऊ देणारा दिवा शोधला. त्या दिव्याची ज्योत वायूचे प्रमाणही दाखवीत असे. म्हणजे तो एका अर्थी आजच्या संवेदकाचा पूर्वजच होता. दिवा आल्यावर मृत्यू कमी व्हावेत अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पूर्वी अति धोक्याच्या म्हणून बंद ठेवलेल्या खाणी मालकांनी पुन्हा उघडल्या, कामगारांना अधिक खोल उतरविले, आणि अपघात होतच राहिले. सुरक्षिततेच्या साधनाचा लाभ नफ्याने गिळला. या महामार्गावरून रात्रंदिवस धावणाऱ्या ट्रकचालकांचा विचार करताना मला हा दिवा आठवतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली होती. ती किती पाळली गेली, हे चौरस्त्यावरच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर विचारावे. आता डुलकी ओळखणारे यंत्र आले. त्या यंत्राने चालक दमला असे सांगितल्यावर मालक त्याला झोपू देणार असेल तर यंत्राचे स्वागत आहे. त्याला दचकवून आणखी शंभर किलोमीटर हाकण्यासाठी ते वापरले जाणार असेल, तर तो डेव्हीचा दिवाच पुन्हा पेटला असे समजावे.

आपल्यापैकी कोणी म्हणेल की, मोजमाप नको म्हणणे म्हणजे कामचुकारांना आणि खोट्या हजेऱ्या लावणाऱ्यांना पाठीशी घालणे होय. हा आक्षेप गंभीर आहे. रोजगार हमीच्या मस्टरवर मेलेल्या माणसांची नावे आपण पाहिलेली आहेत. त्यावर उपाय म्हणून राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याखालील कामांवर दिवसातून दोनदा मोबाईलवर छायाचित्र काढून हजेरी लावण्याची पद्धत १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची करण्यात आली. जेथे मोबाईलला रेंज नव्हती तेथे खऱ्या मजुराने माती उपसूनही हजेरी लागली नाही. आणि घोटाळा? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून मान्य करावे लागले की, कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे आणि छायाचित्रांचीच छायाचित्रे हजेरी म्हणून चढविली जात आहेत. मजुरावर पाळत ठेवली, घोटाळा करणारा मात्र निसटला. खोट्या हजेरीवर खरा उपाय गावासमोर मस्टर वाचणे हाच आहे, कारण कोण कामावर होते हे गावाला ठाऊक असते.

मग या यंत्रांचा योग्य उपयोग कसा असतो? त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बालकांच्या न्यूमोनियावर काम करताना एक अगदी साधे साधन तयार केले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. मूल दर दहा श्वास घेई तेव्हा एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटच्या मण्यापर्यंत पोचलो तर मुलाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. अक्षरओळख नसलेली गावची सुईणही ते वापरू शकत होती. यात वीज नाही, उपग्रह नाही. पण हा संवेदकच आहे. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मोजणाऱ्या गावच्या माणसाच्या हाती औषधही दिलेले होते. मोजणारा, निर्णय घेणारा आणि उपचार करणारा हात एकच. याच संस्थेने पुढे नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत बसविली. तिच्यामुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, हा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. हे यश केवळ मण्यांचे नव्हते. गावातल्या बाईवर विश्वास टाकून तिला अधिकार दिला, त्या विश्वासाचे ते यश होते.

साथींनो, या सर्वांवरून मी तीन कसोट्या काढतो. कोणतेही यंत्र आपल्या मनगटावर, खिशात वा कामाच्या जागी आले की हे तीन प्रश्न विचारावेत. पहिला: ते काय मोजते, कामगाराला असलेला धोका की कामगाराची हालचाल? दुसरा: आकडे कोण वाचतो आणि ते कोणाच्या मालकीचे? तिसरा: यंत्राने धोका दाखविल्यावर काम थांबविण्याचा अधिकार, मजुरी न गमावता, कामगाराला आहे की नाही?

दुसऱ्या प्रश्नाविषयी आपण फारच गाफील आहोत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. परंतु २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कामगाराची माहिती त्याच्या संमतीविना वापरण्याची वाट ठेवण्यात आली आहे. ज्याला संमती नाकारण्याची सर्वांत अधिक गरज, त्याचीच संमती अनावश्यक ठरली. या कलमाचा अभ्यास आपल्या प्रत्येक कामगार संघटनेने केला पाहिजे.

तिसऱ्या प्रश्नासाठी गटाराचे उदाहरण पुरेसे आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याच्या २०१३ च्या नियमांत विषारी वायू मोजणारे यंत्र हे आवश्यक साधनांच्या यादीतच आहे. तरीही माणसे गटारात गुदमरून मरतात, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख करण्याचा आदेश द्यावा लागला. ठावठिकाणा सांगणारी घड्याळे हजारांनी विकत वा भाड्याने घेता येतात, पण मॅनहोलच्या तोंडाशी वायुमापक येत नाही. पैसा नाही असे कोणी म्हणू नये. तो कोठे खर्च होतो हे पाहावे.

आता कामाचे बोलतो, कारण अभ्यासवर्ग भाषणाने संपत नसतो. रोवणीपूर्वी प्रत्येक गावात दोन माणसे नेमावीत. त्यांनी दामिनीची सूचना पाहायची आणि भोंग्याने, डफड्याने वा मंदिराच्या घंटेने ती बांधीपर्यंत पोचवायची. सूचना मोबाईलवर थांबता कामा नये. ग्रामसभेत पक्क्या निवाऱ्याचा आणि थांबलेल्या तासाच्या भरपाईचा ठराव मांडावा. तेंदूच्या हंगामापूर्वी वनखात्याकडे मागणी करावी की पट्टा लावलेल्या वाघाचा वावर ज्या भागात असेल त्याची सूचना आदल्या संध्याकाळी गावाला मिळावी. वाघाच्या सुरक्षिततेसाठी नेमकी जागा सांगू नये, पण तो भाग टाळा एवढे तरी सांगावे, आणि त्या दिवसाचा मोबदला द्यावा. उन्हाळ्यातील कामांवर साधा तापमापक टांगावा आणि किती अंशांवर काम थांबेल हे आधी ठरवून फळ्यावर लिहावे. अहमदाबादने २०१३ मध्ये आणि नागपूरने २०१६ मध्ये उष्णतेविरुद्ध कृती आराखडे केले. त्यांतली तत्त्वे आपल्या कामाच्या जागेपर्यंत आणणे हे आपले काम आहे.

त्या तरुण साथीला द्यायचे उत्तर मला आता देता येते. या यंत्रांतून गरिबाच्या वाट्याला तितकेच येईल, जितके तो संघटितपणे मागून घेईल. यंत्र धोका दाखवील. धोका दिसल्यावर कंबर सरळ करून बांधीबाहेर येण्याचे बळ त्या वीस बायांना एकमेकींच्या सोबतीतून मिळायचे आहे. येत्या रोवणीत एका गावात तरी टोळीने वीज चमकताच काम थांबविले आणि त्या तासाची मजुरी कोणाची कापली गेली नाही, एवढे जरी आपण करू शकलो, तरी आजची ही बैठक सार्थकी लागली असे मी मानेन.